खसखशीचे दाणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर टॅपिंगवरून जुंपलेलं आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. तू म्हणालास, "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, ऐकेनात का माझं बोलणं." मी काहीतरी खवचट बोललो आणि तेवढ्यात तुला साहेबांचं बोलावणं आलं. भांडताना मला मुद्दे सुचत नाहीत, फोन ठेवल्यावर सुचतात, हे तुला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र.

आधी कबुली देऊन टाकतो. त्या पळवून नेलेल्या मुलाची गोष्ट मी विसरलेलो नाही. तुम्ही रात्रभर टॉवर लोकेशन काढत बसलात आणि उजाडायच्या आत पोरगं आईच्या कुशीत होतं. त्या आईपुढे उभं राहून 'खासगीपणाचा हक्क' हे शब्द उच्चारायची माझी छाती नाही. सरकारने कुणाचाच फोन कधीच ऐकू नये, असं मी म्हणतच नाही. तू मला त्या लोकांत नेऊन बसवतोस, कारण मग मला हरवणं सोपं जातं. माझं दुखणं दुसरं आहे, आणि ते सांगायला मला आपल्या हॉस्टेलवर जावं लागेल.

रेक्टर आपली पत्रं उघडत, आठवतं? पहिलं वर्षभर कुणाला पत्ताच नव्हता. मग एकदा तूच माझ्या ताईचं पाकीट दिव्याखाली धरलंस. तिने लावलेल्या डिंकाची पिवळी रेघ होती आणि तिच्यावरून पांढऱ्या गोंदाची दुसरी, पातळ रेघ गेली होती. तुझ्यातला पोलीस बहुधा त्याच रात्री जन्माला आला. रेक्टरना आपल्यात काडीचा रस नव्हता, त्यांना कुठल्याशा मारामारीतली नावं हवी होती. पत्रांवरून कुणाला शिक्षा झाली नाही, कुणाला साधं बोलावलंही नाही. मग बिघडलं काय? मी ताईला कळवलं आणि तिची पत्रं आटली. त्या वर्षी ती नोकरीवरून घरात भांडत होती, चार-चार पानं लिहायची. नंतर एकच पान यायचं. "इकडे सर्व कुशल" इथे सुरू व्हायचं आणि जवळजवळ तिथेच संपायचं. तिच्याकडे तरी लपवण्यासारखं काय होतं रे? वडिलांशी वाद घालणं हा काही गुन्हा नव्हे. ते रेक्टरना वाचायला लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

तुझ्या वाक्याला माझं उत्तर खरं तर इथेच संपतं. पण तू पोलीस, तुला पुरावे लागतात.

१८४४ साली इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी लंडनमध्ये परागंदा होऊन राहत होता. (हाच तो, आपल्याकडे सावरकरांमुळे माहीत झालेला.) आपली पत्रं पोस्टात उघडली जाताहेत असा त्याला संशय आला. पण विचारणार कुणाला? मग त्याने स्वतःच्याच पत्त्यावर पत्रं पाठवायला लावली आणि त्यांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण, केस असलं काहीबाही घातलं. पत्रं वरून धडधाकट पोचली, आतली खसखस गायब. प्रकरण पार्लमेंटात गेलं, तेव्हा बाहेर आलं की गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम यांनीच वॉरंट काढून ती पत्रं उघडवली होती. लोक इतके भडकले की 'पंच' साप्ताहिकाने ग्रॅहॅमविरोधी पाकिटाचं चित्र छापलं, आणि पत्रं उघडणारी पोस्टातली गुप्त शाखा त्याच वर्षी बंद करावी लागली.

मी या गोष्टीत दरवेळी वॉरंटापाशी अडखळतो. ग्रॅहॅमकडे रीतसर वॉरंट होतं. सही होती, अधिकार होता, सगळं कागदोपत्री चोख. तुझ्याकडेही असतं, मला माहीत आहे. तरीही मॅझिनीला काय चाललंय ते कळलं त्याच्या स्वतःच्या खसखशीमुळे. सरकारने होऊन त्याला सांगितलं असतं का? आज, दहा वर्षांनी, कधीतरी?

आता फोनमध्ये खसखस कुठे घालायची, ते तू मला सांग. डिंकाची दुसरी रेघ कुठे शोधायची? टॅप लागला की लाइनवर खरखर ऐकू येते, असं लोक अजून समजतात. तुला त्याचं हसू येतं. मला येत नाही, कारण ती खरखर आता येत नाही हाच तर सगळा घोळ आहे.

"आम्ही बोलणं कुठे ऐकतो, नुसता सीडीआर तर काढतो," हे तुझं दुसरं आवडतं वाक्य. सीडीआर म्हणजे कुणी, कुणाला, कधी, कुठून फोन केला याच्या नोंदी. जर्मनीतल्या ग्रीन पक्षाचा माल्टे श्पिट्झ नावाचा एक नेता आहे. त्याने फोन कंपनीशी कोर्टात भांडून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. पस्तीस हजारांहून जास्त निघाल्या. २०११ मध्ये 'डी त्साइट' साप्ताहिकाने त्या नकाशावर मांडून दाखवल्या. माणूस कुठल्या गाडीत बसला, कुठे उतरला, रात्री कुठे झोपला, कुठल्या सभेला गेला, सगळं ओळीने. त्यात त्याच्या तोंडचा एक शब्दही नव्हता. उलट मला वाटतं, बोलताना माणूस थापा तरी मारू शकतो, टॉवरला ते जमत नाही. डॉक्टरला फोन, मग वकिलाला, मग रात्री दोन वाजता बहिणीला तासभर. ऐकायचं काय राहिलं? अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी २०१४ मध्ये जाहीर व्यासपीठावरून सांगितलं होतं की आम्ही मेटाडेटाच्या, म्हणजे असल्याच नोंदींच्या, आधारावर माणसं मारतो. 'नुसता' हा शब्द तेवढा तू मागे घे.

तर आता माझं दुखणं. आपल्याकडचे नियम तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने चौकट आखून दिली: परवानगी गृहसचिवाची, मुदत दोन महिने, वाढवून जास्तीत जास्त सहा, आणि वर सचिवांची आढावा समिती. नीट बघ. मागणारं सरकार, देणारं सरकार, तपासणारं सरकार. आधी न्यायाधीशाची परवानगी हवी, ही मागणी कोर्टाने तेव्हा मान्य केली नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, सगळीकडे पेढे वाटल्यासारखा आनंद झाला, पण या साखळीत बाहेरचा माणूस काही शिरला नाही. आणि ज्याचं ऐकलं, त्याला नंतर कळवायचं, असं यात कुठेही नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका लाचेच्या प्रकरणातले टॅपिंगचे आदेश बेकायदा ठरवले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. छान झालं. पण त्या माणसाला दाद मागता आली, कारण त्याच्यावर खटला होता आणि ते संभाषण त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं होतं. ज्याच्या बोलण्यात काहीच सापडलं नाही, त्याचं काय? म्हणजे बघ, संशयिताला कळतं आणि निर्दोष माणसाला मरेपर्यंत कळत नाही. लपवण्यासारखं काही नसलेला तो माणूस म्हणजे तूच की!

कळवलं तर गुन्हेगार सावध होतील, असं तू म्हणशील. चालू असताना कळवा असं कोण म्हणतंय? अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात तरतूद आहे की टॅप संपल्यावर साधारण नव्वद दिवसांत आदेशात नाव असलेल्या माणसाला कळवायचं. न्यायाधीश हे पुढे ढकलू शकतो, पण कारण द्यावं लागतं. असे किती टॅप लागले याचा अहवाल दरवर्षी छापून येतो. तिथले गुन्हेगार काही त्यामुळे सुटले नाहीत. जर्मनीत तर १९७० साली घटना न्यायालयानेच सांगितलं, की तपासाला धोका उरला नसेल तर संबंधिताला कळवलं पाहिजे. ते प्रकरण पुढे १९७८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. तक्रार करणारे कोण होते, तुला आवडेल: एक सरकारी वकील, एक न्यायाधीश आणि तीन वकील. तुझ्याच बाजूची माणसं. ते हरले, तरी कोर्टाने एक गोष्ट मान्य केली. पाळत गुप्त असते, म्हणून 'आधी तुझ्यावर पाळत होती हे सिद्ध कर, मग ये' असं नागरिकाला सांगता येणार नाही.

जे सांगता येणार नाही असं युरोपच्या कोर्टाने म्हटलं, नेमकं तेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. तो वर उल्लेख केलेला कायदा गुन्ह्यांच्या तपासाचा. परदेशी हेरगिरीच्या नावाखाली जे चालतं त्याचं दार वेगळं. फेब्रुवारी २०१३ मध्ये पत्रकार, वकील आणि अ‍ॅम्नेस्टीवाल्यांचा दावा पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. तुमचे फोन ऐकले जातात ही नुसती अटकळ आहे, म्हणे. जूनमध्ये एनएसएसाठी काम करणाऱ्या स्नोडेनने फोडलेले गुप्त कागद बाहेर आले. पहिल्याच बातमीत एका मोठ्या फोन कंपनीला दिलेला गुप्त आदेश होता: ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी रोजच्या रोज एनएसएला द्या. सगळ्यांच्या. त्याआधी मार्चमध्ये गुप्तचर यंत्रणांचे प्रमुख जेम्स क्लॅपर सिनेटसमोर 'कोट्यवधी अमेरिकनांची माहिती आम्ही जाणूनबुजून गोळा करत नाही' असं सांगून बसले होते. माझ्या हिशेबी स्नोडेन म्हणजे त्या पाकिटातली खसखस. तो देशद्रोही की हुतात्मा, यावर तू रात्रभर भांडशील, भांड. पण दर वेळी कुणीतरी आयुष्य पणाला लावल्यावरच लोकांना कळावं, ही काय रीत झाली?

आणखी एक, हे तुझ्या खात्याच्या हिताचं. ऐकण्यासाठी ठेवलेलं दार कोण वापरतंय, हे दाराला कळत नाही. ग्रीसमध्ये २००४ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कुणीतरी घुसलं आणि सरकारसाठी असलेली कायदेशीर टॅपिंगची सोयच वापरून शंभरावर फोन ऐकत राहिलं. त्यात खुद्द पंतप्रधान करामान्लिस होते, मंत्री होते. महिनोन्‌महिने कुणाला पत्ता नाही. मग काही एसएमएस पोचेनासे झाले, म्हणून तंत्रज्ञ शोधायला बसले आणि घबाड सापडलं. पुन्हा खसखसच. अमेरिकेत २०२४ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं, चिनी हॅकर फोन कंपन्यांच्या टॅपिंग यंत्रणेपर्यंत पोचले. आपल्या यंत्रणेत कोण बसलंय, हे तुला तरी खात्रीने माहीत आहे का?

पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलिसांचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून टाळणार होतो. पण मला त्यांच्या पाळतीपेक्षा नंतरचं जास्त लक्षात राहिलंय. जानेवारी १९९२ पासून लोकांना आपापली फाइल वाचायला मिळू लागली. कपाटांची लांबी १११ किलोमीटर. आजवर तीस लाखांवर अर्ज आले. एका कार्यकर्तीला फाइल वाचून कळलं की तिची खबर देणारा तिचा नवराच होता. असलं कशाला वाचायचं, असं तेव्हाही पुष्कळ जण म्हणत होते. जखमा उकरू नका, लोक एकमेकांचे जीव घेतील. तसं झालं नाही. माणसं वाचनालयासारख्या खोलीत बसली, वाचलं, काही रडली, घरी गेली. ताईनेही हेच केलं असतं, असं मला उगीच वाटतं. रेक्टरनी एकदा बोलावून "बाई, तुमची पत्रं मी वाचली, त्यात काही नव्हतं" एवढं म्हटलं असतं तर ती संतापली असती, चांगलं सुनावलं असतं त्यांना, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चार पानं आली असती.

म्हणून तुला एकच विचारायचं होतं, जे फोनवर राहून गेलं. नाव नको, केस नको. इतक्या वर्षांत तुम्ही जे नंबर ऐकलेत, त्यातले ज्यांच्यात काहीच निघालं नाही, त्यांच्यापैकी एकाला तरी कुणी सांगितलं का? आणि सांगायचं ठरलं असतं, तर टॅपिंगच्या परवानगीचे त्यातले काही अर्ज तू वरच्याकडे पाठवलेच नसतेस, असं होतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, चहा पिताना तुझ्या तोंडावरून कळेलच.

पत्र साध्या टपालाने टाकतोय. २०२३ च्या नव्या पोस्ट कायद्यातही सरकारला टपाल अडवून उघडायची मुभा आहे, तेव्हा वाटेत कुणाला वाचावंसं वाटलंच तर त्यांनाही नमस्कार. वहिनींना सांग, पुढच्या महिन्यात येतो.

पाकीट उघडताना खाली कागद धर. आत खसखस आहे. तेवीस दाणे घातलेत, दोनदा मोजून. तुझ्या हातात किती आले ते कळव.

तुझा,
अनिल