कॅमेरा कुठे उभा आहे, अण्णा

कोपनहेगन

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे दुपारी चारलाच अंधार होतो, त्यामुळे माझ्या बऱ्याच संध्याकाळी इथल्या सिनेमाटेकेट या चित्रपटगृहात जातात. तिथे कार्ल ड्रायर या डॅनिश दिग्दर्शकाचा जोन ऑफ आर्क या फ्रेंच वीरांगनेच्या खटल्यावरचा मूकपट पाहिला, १९२८ सालचा. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं होतं. फोनवर हे नीट सांगता येत नाही.

कालिदास नाट्यगृहात तालमी घेताना तुम्ही आम्हाला नेहमी सांगायचात, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे. इथे तर आवाजच नाही. जोन झालेली फाल्कोनेत्ती ही पॅरिसच्या रंगभूमीवरची नटी. तिला रंगरंगोटी नाही, आणि शेवटाकडे तिचे केस कापतात ते खरोखरच कापलेले आहेत. ड्रायरने प्रचंड खर्च करून मोठा सेट बांधून घेतला होता, पण पडद्यावर तो जेमतेम दिसतो. दिसतात ते चेहरे. न्यायाधीशांचे चेहरे खालून टिपायला त्याने जमिनीत खड्डे खणून कॅमेरा लावला. त्यामुळे ती माणसं अंगावर आल्यासारखी वाटतात, आणि त्यांच्यासमोर ही बाई फक्त डोळे वर करते. तेवढंच. डोळ्यांत पाणी कधी भरलं आणि कधी ओघळलं ते आपण पाहत राहतो. मी रडले, अण्णा.

या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. पुढे १९८१ साली ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयात जुनी प्रत सापडली, म्हणून आज आपल्याला तो मूळ रूपात पाहता येतो. केवढं नशीब आपलं!

आता आपल्या जुन्या वादाकडे येते. 'कोर्ट' हा मराठी चित्रपट पाहून तुम्ही म्हणाला होतात, कॅमेरा एका जागी खिळलाय, नटांना काही कामच ठेवलेलं नाही. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आता तर मुळीच पटत नाही. चैतन्य ताम्हाणेने कॅमेरा लांब ठेवला आणि हलवला नाही, तेव्हा सगळा भार नटांवरच पडला. गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील म्हणून कायद्यातली कलमं एकसुरी वाचत जाते. क्लोजअप नाही, आपण कुठे पाहावं हे सांगणारं संगीत नाही. मग तीच बाई लोकलमधून घरी येते, स्वयंपाकाला लागते. तिथेही ती काही 'करून दाखवत' नाही. आणि तीसुद्धा नाटकातलीच, तुमच्याच वाटेवरची. जागा बदलली तसं तिनं मोजमाप बदललं. ड्रायरने कॅमेरा चेहऱ्याला भिडवला, ताम्हाणेने तो भिंतीशी नेला. नटाने किती करायचं हे दोन्हीकडे त्या अंतरानेच ठरलं. म्हणूनच नाटकात जे उणं ठरेल, ते इथे पुरेसं होतं.

आणि हे आपल्या नाशकात फार आधी कुणीतरी ओळखलं होतं! फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' बघा. सुरुवातीलाच त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके प्रेक्षकाला म्हणतायत, आधी हा चेहरा नीट बघून घ्या. त्यांनी छायाचित्रण केलेलं होतं, जादूचे प्रयोग केलेले होते. चेहरा जवळ आणला की काय होतं, हे त्यांना माहीत असणारच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात आपण कितीदा गेलो, पण त्यांची फिल्म एकत्र बसून कधी पाहिली नाही.

चिंटूला लॅपटॉपवर लावून द्यायला सांगा आणि आईलाही बसवा. मंदाकिनीचं काम कसं वाटलं ते सविस्तर लिहा, मी तुमच्याशी भांडायच्या तयारीनेच वाचणार आहे. यंदा राज्य नाट्य स्पर्धेला कोणतं नाटक ठरलं तेही कळवा. आईला नमस्कार, चिंटूला आशीर्वाद.

तुमची,
छोटी