सात मीटर म्हणजे कुणाचा उंबरा?

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात चिपळूणकरांच्या मोबाइलवर रात्री-अपरात्री निरोप येतो: वाशिष्ठी नदी अमुक मीटर, इशारा पातळी ५, धोका पातळी ७. आकड्यात चूक नसते. पण तो वाचून बाजारपेठेतला दुकानदार माल माळ्यावर चढवायला घेतो का? नाही. तो शटर अर्धं वर करून रस्त्यावर येतो आणि नाक्यापर्यंत पाणी आलंय का ते बघतो. सात मीटर म्हणजे आपल्या ओट्याच्या किती खाली, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. जर्मनीतल्या पासाऊ या गावाने ही गोष्ट नीट लावून घेतली आहे आणि ती फार खर्चाची नाही, म्हणून हे पत्र.

पासाऊ बव्हेरियात, ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून आहे. वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर, म्हणजे चिपळूणकरांना आपलंच वाटावं एवढं गाव. तिथे तीन नद्या भेटतात. पश्चिमेकडून डॅन्यूब, दक्षिणेकडून आल्प्सचं पाणी घेऊन इन, उत्तरेच्या रानातून इल्झ. जुनं गाव डॅन्यूब आणि इन यांच्या मधल्या, जिभेसारख्या निमुळत्या पट्टीवर बसलं आहे. संगमाच्या टोकावरून पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात: इन हिमनद्यांच्या बारीक गाळाने हिरवट-करडी, इल्झ दलदलीच्या रानातून आल्यामुळे काळपट. पुढे नाव डॅन्यूबचं चालतं, पण वर्षाची सरासरी काढली तर जास्त पाणी इन आणते.

अशा जागी गाव वसवलंच का, असं बाहेरचा माणूस विचारतो. चिपळूणलाही विचारतो. उत्तर दोन्हीकडे एकच आहे. आल्प्सकडचं मीठ होड्यांतून इनने खाली यायचं, पासाऊला उतरायचं आणि तिथून जनावरांच्या पाठीवर ‘सोनेरी वाटे’ने बोहेमियात जायचं. गोवळकोटच्या धक्क्यावर माल उतरवून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढवायचा, तसंच. बाजार पाण्याला चिकटून बसतो तो हौसेने नव्हे. ७३९ पासून तिथे बिशपची गादी आणि पुढे १८०३ पर्यंत राज्यही बिशपांचंच. १६६२ च्या आगीत गाव जळालं तेव्हाही त्याच जागेवर पुन्हा उभं राहिलं. ‘गाव हलवा’ हा सल्ला त्यांनी मानला नाही, आपणही मानणार नाही. तेव्हा पुढचं बोलू.

पर्यटक पासाऊला जातात ते कॅथेड्रलमधला १७,९७४ नळ्यांचा ऑर्गन ऐकायला. आपल्या कामाची वस्तू आहे डॅन्यूबकाठच्या राटहाउसची, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीची, भिंत. मनोऱ्याच्या अंगावर पुरांच्या रेघा आणि त्यापुढे सालं आहेत: १५०१, १९५४, २००२, २०१३. मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा, म्हणजे १५०१ ची रेघ त्या भिंतीवर पाण्याने उमटलेली नाही. जुन्या नोंदींवरून उंची काढून ती तिथे आणली आहे. मुद्दा तोच आहे. रेघ म्हणजे ओल नव्हे, मोजलेली उंची. म्हणूनच ३ जून २०१३ ला पाणी १२.८९ मीटरवर थांबलं, तेव्हा हा १५०१ नंतरचा सर्वात मोठा पूर हे ठामपणे सांगता आलं. १९५४ चा पूर १२.२० मीटरचा होता.

रेघ नुसती आठवणीसाठी असती तर तिचं एवढं कौतुक नको होतं. ती नदीतल्या मोजपट्टीशी जोडलेली आहे. बव्हेरियाची पूरसूचना यंत्रणा दर पंधरा मिनिटांचा आकडा देते आणि सूचनेच्या चार पायऱ्या करते. पायऱ्यांची व्याख्या मीटरची नाही, परिणामांची आहे. पहिलीत पाणी कुठे कुठे काठाबाहेर येतं. दुसरीत शेतं बुडतात, रस्त्यांवर थोडा अडथळा होतो. तिसरीत काही घरं, तळघरं पाण्यात जातात किंवा मोठे रस्ते बंद पडतात. चौथीत वस्तीचा मोठा भाग पाण्याखाली जातो. मग प्रत्येक गावाच्या पट्टीवर या पायऱ्या कुठे येतात ते ठरवलं जातं. पासाऊला डॅन्यूबच्या पट्टीवर चौथी पायरी ८.५० मीटरला लागते. २०१३ चं पाणी तिच्याही वर ४.३९ मीटर गेलं. आपल्याकडे ‘इशारा’ आणि ‘धोका’ हे दोनच शब्द. धोका कुणाला, पेठमापला की चिंचनाक्याला, हे आकड्यात नाही.

हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. पट्टीचं शून्य ठरवून घेतलेलं असतं, तिथून वर मोजलेली ती उंची. शिवाय वाहत्या पाण्याची पाठ सपाट नसते. बहादूरशेख नाक्याजवळची पातळी आणि गोवळकोटची पातळी एकाच वेळी एकच असत नाही. त्यात आपल्याकडे खाडी आहे. उधाणाची भरती चढत असली की वाशिष्ठीचं पाणी खाली सरकायला जागा उरत नाही आणि ते मागे फुगतं. पासाऊला समुद्र नाही, पण तिथे हेच काम इन करते. ती फुगली की डॅन्यूबचं पाणी तुंबून मागे चढतं. २२ जुलै २०२१ ला आपल्याकडे पाऊस आणि भरती यांची गाठ पडली आणि शहर बुडालं. कोळकेवाडी धरणाच्या पाण्यावरून वाद पुष्कळ झाला, त्यात इथे शिरत नाही. एवढंच, की एका ठिकाणचा आकडा सगळ्या शहराला लागू करता येत नाही. म्हणून रेघा पुष्कळ हव्यात.

त्या मारायच्या कशा? २०२१ ची खूण आतल्या भिंतीवर, पाणी संथ होतं अशा कोपऱ्यात शोधावी. बाहेरच्या भिंतीवर लाटांनी आणि वाहनांच्या हेलकाव्यांनी डाग वर चढलेला असतो, तो फसवतो. गाळाच्या पट्ट्याची वरची कड धरावी, ओल चढून आलेला पिवळेपणा नव्हे. मग लेव्हलच्या दुर्बिणीने जवळच्या पक्क्या बेंचमार्कपासून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या खुणेपासून, उंची काढावी आणि त्याच हाताने समोरच्या रस्त्याची व जोत्याची उंचीही लिहावी. रस्त्याची खास. डांबराचे थर चढत जातात, दहा वर्षांपूर्वीचा ‘गुडघाभर’ आज गुडघाभर राहत नाही. खूण ऑइलपेंटची नको, दगडात कोरलेली किंवा पितळेची पट्टी हवी, आणि तिच्यावर साल, तारीख व समुद्रसपाटीपासूनची उंची. २००५ च्या पुराची खूण कुठे सापडली तर तीही.

दुसरं काम चढत्या पाण्यातच होतं. पाणी आधी नदीवरून येत नाही, गटारातून उलटं येतं. तेव्हा प्रत्येक नाक्यावरच्या गटाराच्या तोंडाशी पहिलं पाणी दिसलं ती वेळ कुणीतरी टिपावी. त्या वेळचा पट्टीवरचा आकडा आणि भरतीची वेळ नंतर शेजारी लिहावी. दोन-तीन पावसाळ्यांत तक्ता तयार होतो: इतके मीटर झाले की या नाक्यावर पाणी, एवढ्याला हा रस्ता बंद. शिव नदीकाठासाठी तक्ता वेगळा लागेल, तिथे वाशिष्ठीचा आकडा पुरत नाही. पालिकेने निरोपात मीटरच्या पुढे त्या नाक्यांची नावं घातली की काम झालं.

जर्मनीच्या अनुभवातलं आणखी थोडं. २०१३ च्या पुरात तिथे पाण्याइतकंच नुकसान घर तापवायच्या तेलाने केलं. टाक्या तरंगल्या, नळ्या तुटल्या, तेल भिंतींत मुरलं आणि पासाऊच्या वरच्या अंगाला डेगेनडॉर्फजवळ कित्येक घरं पाडावी लागली. २०१८ पासून पूरक्षेत्रात अशी नवी यंत्रणा बसवायला कायद्यानेच मनाई आहे. आपल्याकडे ते काम सिलिंडर करतात. भरलेला सिलिंडरही तरंगतो: १४.२ किलो गॅस, पंधरा-सोळा किलो लोखंड आणि आतली जागाच ३३ लिटरची. रेग्युलेटर काढून, टोपण लावून तो साखळीने बांधायला हवा. जमिनीखालची पाण्याची टाकी पुराआधी रिकामी ठेवू नये. १० हजार लिटरच्या रिकाम्या टाकीला खालून १० टनांचा रेटा बसतो, ती उचलते किंवा तडकते. भरून ठेवावी, पाणी नंतर फेकायचंच आहे. उलट, पूर ओसरताच तळमजल्याखालचं पार्किंग घाईने उपसू नये. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असते आणि दर मीटरला प्रत्येक चौरस मीटरवर एक टन असा दाब भिंतीवर येतो. टप्प्याटप्प्याने, बाहेरची पातळी उतरेल तसं उपसावं. गाळ मात्र ओला असतानाच, पाणी उतरत असतानाच ढकलायचा. वाळला की तो खणावा लागतो.

पूरक्षेत्राची निळी रेषा आणि लाल रेषा यांवरून शहरात वाद चालतात. त्या नकाशावरच्या रेषा बांधकाम परवान्यासाठी आहेत, लोक त्यांना भितात ते साहजिकच आहे. भिंतीवरची रेघ कुणाचा परवाना अडवत नाही. जागेची किंमत पडेल म्हणून काही घरमालक तिलाही विरोध करतील, तेव्हा सुरुवात सरकारी इमारती, शाळा, एसटी स्टँड आणि दोन्ही पुरांत ग्रंथांचं नुकसान सोसलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरापासून व्हावी.

२०२१ चे डाग दर दिवाळीला थोडे थोडे रंगाखाली जात आहेत. निदान सार्वजनिक इमारतींवरची मोजणी यंदाचं रंगकाम निघण्याआधी उरकावी, एवढी पालिकेला विनंती.

आपला,
बाजारपेठेतील एक वाचक, चिपळूण