‘८ ते ६० व्होल्ट’ आयसोलेटेड इनपुट मॉड्यूलमधील दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: आठ चॅनलच्या इनपुट मॉड्यूलमधील दोष व रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

मी रत्नागिरीत कंट्रोल पॅनल जोडून देण्याचा व्यवसाय उपजीविकेसाठी एकट्याने करतो. गेल्या मे महिन्यात आपल्याकडून आठ चॅनलची (आठ वेगवेगळे सिग्नल घेणारी) दोन इनपुट मॉड्यूल घेतली; ही मॉड्यूल बाहेरचे सिग्नल कंट्रोलरला चालतील अशा ५ व्होल्टमध्ये बदलून देतात. त्यांच्या खोक्यावर ‘८ ते ६० व्होल्ट डीसी इनपुट, ५ व्होल्ट लॉजिक आउटपुट, प्रत्येक चॅनल स्वतंत्र आयसोलेटेड’ (म्हणजे विद्युतदृष्ट्या इतरांपासून तुटक) असे छापलेले आहे. मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यात जनरेटरची बॅटरी १२ व्होल्टची, पॅनलचा पुरवठा २४ व्होल्टचा आणि सोलरची बॅटरी बँक ४८ व्होल्टची असून या तिन्हींचे सिग्नल जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या एकाच कंट्रोलरला द्यायचे होते, म्हणून मुद्दाम हेच मॉड्यूल निवडले.

१ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली आणि त्याच आठवड्यात रात्री वीज गेली. जनरेटरचा स्टार्टर फिरू लागला की दुसऱ्याच क्षणी बंद पडे; असे तीनदा झाल्यावर कंट्रोलरने अलार्म देऊन प्रयत्न थांबवले. होड्या धक्क्याला लागलेल्या, लाद्या साच्यात अर्ध्या गोठलेल्या, आणि मालक माझ्याकडे बघत उभे. शेवटी आपले मॉड्यूल बाजूला करून जनरेटर हाताने सुरू करावा लागला.

दुसऱ्या दिवशी मॉड्यूल उघडून पाहिले. प्रत्येक चॅनलला ४.७ किलोओहमचा पाव वॅटचा एकच रेझिस्टर, पुढे ऑप्टोकपलर (एलईडीच्या उजेडाने सिग्नल पलीकडे पोचवणारा, तारेने न जोडणारा भाग) आणि आउटपुटला १ किलोओहमचा पुल-अप (आउटपुट एरवी ५ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर), एवढेच सर्किट आहे. स्टार्टर फिरताना बॅटरीचे व्होल्टेज ८.५ पर्यंत खाली येते, हे कोणत्याही मोटार मेकॅनिकला ठाऊक असते. त्या वेळी ऑप्टोकपलरच्या एलईडीचे १.२ व्होल्ट वजा जाता करंट जेमतेम दीड मिलिअँपिअर उरतो. ‘चालू’ दाखवण्यासाठी आउटपुट पूर्ण खाली, शून्य व्होल्टजवळ ओढायला मात्र या पुल-अपमुळे ४.८ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे ऑप्टोकपलरने तिपटीहून अधिक करंट द्यावा अशी अपेक्षा. या जातीच्या ऑप्टोकपलरमध्ये एलईडीच्या करंटच्या किती पट करंट आउटपुटला मिळतो हे प्रमाण नगागणिक कितीतरी बदलते आणि वापराने उतरत जाते. मी ८.५ व्होल्ट देऊन मोजले तेव्हा आउटपुटला २.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे ना धड ‘चालू’, ना धड ‘बंद’. कंट्रोलरने या सिग्नलवरून जनरेटरची चावी बंद झाली असे समजून स्टार्टर तोडला, यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

दुसरे टोक याहून वाईट आहे. सोलर बँक चार्ज होताना ५४ व्होल्टपर्यंत जाते. तेव्हा त्याच रेझिस्टरवर सुमारे ०.६ वॅट उष्णता होते, त्याच्या क्षमतेच्या दुपटीहून अधिक. आपण लिहिलेल्या ६० व्होल्टला तर जवळजवळ पाऊण वॅट. दोन चॅनलचे रेझिस्टर काळे पडले असून त्यांच्याखालची पट्टी तपकिरी झाली आहे.

तिसरी बाब मला सर्वांत गंभीर वाटते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (दोन टोके जोडलेली आहेत का ते तपासण्यावर) ठेवून पाहिले, तर आठही चॅनलचे इनपुट निगेटिव्ह आतून एकत्र जोडलेले निघाले. म्हणजे जनरेटरची बॅटरी, पॅनलचा पुरवठा आणि सोलर बँक हे तिन्ही पुरवठे आपल्या ‘स्वतंत्र’ मॉड्यूलनेच एकमेकांना बांधून टाकले. शिवाय ऑप्टोकपलरच्या पोटाखालून आउटपुटच्या ग्राउंडची (शून्य व्होल्टची) तांब्याची पट्टी इनपुटच्या पायांपासून दोनेक मिलिमीटरवर नेली आहे. मूळ ऑप्टोकपलर ५००० व्होल्ट सहन करणारा असला, तरी खाऱ्या दमट हवेत ओल आणि मीठ साचल्यावर हे अंतर पुरत नाही, आणि बोर्डवर संरक्षक लेपही नाही.

आपल्या सेवा केंद्राला फोन केला असता ‘आमच्याकडे १२ व्होल्टवर व्यवस्थित चालते, तुम्ही बाहेरून एक रेझिस्टर लावा’ असे सांगण्यात आले. १२ व्होल्टवर चालते याबद्दल माझी तक्रारच नाही. मी पैसे मोजले ते ८ ते ६० व्होल्टसाठी. आणि बाहेरून रेझिस्टर लावला तर वरच्या टोकाला थोडी मदत होईल, खालच्या टोकाला करंट आणखी कमी होईल.

एवढी मोठी कक्षा खरोखर सांभाळायची असेल, तर एलईडीला व्होल्टेज कितीही असले तरी दोन-अडीच मिलिअँपिअरच मिळेल असे दोन ट्रान्झिस्टरचे स्थिर करंटचे सर्किट हवे. ५ व्होल्टखाली इनपुट नक्की ‘बंद’ राहावे यासाठी मालिकेत झेनर (ठरावीक व्होल्टेजनंतरच करंट जाऊ देणारा डायोड) हवा. पुल-अप १० किलोओहमचा आणि त्यापुढे श्मिट ट्रिगर (अर्धवट व्होल्टेजला स्पष्ट ‘चालू’ किंवा ‘बंद’ करणारा भाग) हवा. मग ऑप्टोकपलर निम्माच करंट देणारा निघाला तरी दुपटीची सवड उरते. उलटे जोडले गेल्यास एलईडी वाचवणारा डायोडसुद्धा आपण दिलेला नाही, जो काही पैशांत मिळतो.

तरी दोन्ही मॉड्यूलची पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च मला १५ दिवसांत मिळावा. सुधारित मॉड्यूल देणार असाल, तर त्याआधी किती व्होल्टला ‘चालू’ आणि किती व्होल्टला ‘बंद’ हे आकडे लेखी कळवावेत. नुसती कक्षा मला चालणार नाही. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

बिलाची प्रत, मोजमापांचा तक्ता आणि जळालेल्या पट्टीचे फोटो सोबत जोडले आहेत. मॉड्यूल माझ्याकडे जशीच्या तशी ठेवली आहेत. आपला माणूस येऊन पाहू शकतो.

कळावे,

आपला,
पॅनल व्यावसायिक, रत्नागिरी