स्वामिनाथन सर, गव्हासाठी नव्हे

आदरणीय स्वामिनाथन सर,

आमच्या गावात तुम्ही माणूस नाही, आयोग आहात. परभणीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावून पोरं 'स्वामिनाथन लागू करा' म्हणून ओरडतात, पण त्यातल्या निम्म्यांना हे कुणाचं तरी नाव आहे हेच ठाऊक नसतं. 2004 ते 2006 या काळात तुमच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने पाच अहवाल दिले. पारावर पोचली ती एकच ओळ: हमीभाव उत्पादन खर्चापेक्षा किमान 50 टक्के जास्त हवा.

28 सप्टेंबर 2023 ला तुम्ही गेलात, पुढच्या वर्षी भारतरत्न जाहीर झालं. दोन्ही वेळी सगळ्यांनी तुमच्या हरितक्रांतीच्या गव्हाबद्दलच लिहिलं. मला गव्हाबद्दल आभार मानणं जमत नाही, कारण तो गहू आमच्या जिरायतीत आलाच नाही. 1968 ला तिकडे पंजाबात पीक एवढं आलं की शाळांच्या वर्गांत धान्य साठवावं लागलं. 1972 ला इकडे माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि घरात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीची, तांबडी भाकरी होती. थापताना चिरायची, तव्यावर टाकेपर्यंत कडा तुटायच्या. आजी म्हणायची, ही जनावराची ज्वारी, माणसाच्या पोटाला कशी कळणार? मी तेव्हा दहा वर्षांचा.

गव्हाच्या क्रांतीचं 1968 ला टपाल तिकीट निघालं. माझे आभार ज्या कामासाठी आहेत, त्याचं तिकीट कधी निघणार नाही. ते फायलींचं काम होतं.

1972 ला तुम्ही दिल्लीच्या पुसा संस्थेचं (भारतीय कृषी संशोधन संस्थेचं) संचालकपद सोडून भारतीय कृषी संशोधन परिषदेचे महासंचालक झालात. त्याच वर्षी मे महिन्यात पुसातल्या एका शास्त्रज्ञाने आत्महत्या केली. मागे ठेवलेली चिठ्ठी तुम्हालाच उद्देशून होती. संसदेपर्यंत गदारोळ झाला, माजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांची (आमच्या साताऱ्याचा माणूस!) समिती बसली आणि परिषदेतल्या नेमणुका-बढत्यांची धुणी चव्हाट्यावर आली. तोवर रीत अशी की वरची जागा रिकामी झाल्याशिवाय बढती नाही. मग तुरीवर दहा वर्षं घालवलेला माणूस वरची जागा दिसली की उसावर उडी मारायचा. तूर राहिली तिथेच.

समितीचे अहवाल कपाटात कसे जातात हे मी पुढे जवळून पाहिलं. हा गेला नाही. 1973 ला शास्त्रज्ञ निवडीसाठी वेगळं मंडळ आलं, 1975 ला कृषी संशोधन सेवा सुरू झाली. देशभर एकच परीक्षा, आणि दर पाच वर्षांनी शास्त्रज्ञाचं काम पाहून बढती, वर जागा असो नसो. हे तुमच्या एकट्याचं नव्हे, समितीचं आणि सरकारचंही. पण खुर्चीत तुम्ही होतात, आणि ती चिठ्ठीही तुमच्याच नावची होती.

मी एमएस्सी झालो तेव्हा अण्णांना, म्हणजे वडिलांना, नोकरीचा एकच रस्ता माहीत होता: 'साहेबांना भेटून ये.' कोणते साहेब, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी परीक्षेला बसलो. मुलाखतीला दिल्लीला गेलो तो मामाचा कोट घालून, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. एकाने विचारलं, तुरीवरचा वांझ रोग कशानं पसरतो? आमच्याच रानात पाहिलेला. झाड हिरवंगार, फांद्याच फांद्या, पण फूल नाही, शेंग नाही. अण्णा त्याला भानामती म्हणायचे. 'कोळी,' मी म्हटलं, 'साध्या डोळ्यांनी दिसत नाही एवढा बारीक,' आणि भानामतीचंही सांगून टाकलं. ते हसले. कुणाचा मुलगा, कुणाच्या ओळखीचा, हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. दीड महिन्यानं नेमणुकीचं पत्र आलं. अण्णांनी ते देवघरात ठेवलं आणि आठवडाभर मला हात लावू दिला नाही.

पुढे माझ्यावरच विभागप्रमुखाची खुर्ची आली. सकाळी शेतावर जाण्याऐवजी टिपणी, रजा, जीपचं डिझेल. त्या दिवसांत तुमची आठवण वारंवार यायची. 1948 ला पोलीस सेवेसाठी निवड होऊनही तुम्ही बटाट्याच्या जनुकांसाठी नेदरलँड्सला गेलात, 1952 ला केंब्रिजची डॉक्टरेट घेतलीत, आणि 1966 ला, चाळिशी ओलांडताच, पुसाचे संचालक झालात. नंतर मंत्रालय, नियोजन आयोग, 1982 ते 1988 फिलिपिन्समधली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था. एवढ्या खुर्च्यांमध्ये सूक्ष्मदर्शकाला शेवटचा डोळा कधी लावलात, सर? मला त्याची तारीख आठवते. माझी.

तक्रार नाही असं नाही. पाच वर्षांच्या मूल्यमापनाने शोधनिबंध मोजायची खोडही लागली. एका प्रयोगाचे तीन तुकडे करून छापणारे मी पाहिलेत, एकदा स्वतःही केलंय. आणि शरबती सोनोरा गव्हातल्या लायसिनच्या (प्रथिनातल्या एका घटकाच्या) आकड्यांवरून तुमच्यावर जी टीका झाली, ती मी माझ्या कनिष्ठांना मुद्दाम सांगायचो. मोठ्या माणसाचा आकडाही पुन्हा मोजून बघा म्हणून. तुम्हाला आवडलं नसतं कदाचित.

मी निवृत्त झालो, परभणीत असतो. मागच्या जूनमध्ये गंगाखेडकडची एक मुलगी पेढे घेऊन आली. आईवडील ऊसतोडीला जाणारे, ही त्याच परीक्षेतून निवडली गेलेली. वडील चपला काढून दारातच उभे राहिले. चहा झाला तरी आत येईनात. शेवटी तिथूनच विचारलं, "साहेब, आता कुणाला भेटावं लागंल का?"

"नाही," म्हटलं. "मेडिकल तेवढी वेळेत करून घ्या."

आपला,
एक निवृत्त शास्त्रज्ञ, परभणी