परदेशी ट्रायथलॉन, वेटसूट आणि आपला पावसाळा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात जाऊन आयर्नमॅन ही ट्रायथलॉन शर्यत, म्हणजे एकामागून एक पोहणे, सायकल आणि धावणे, पूर्ण करून आलेल्या कोल्हापूर, सांगली, पुणे, नाशिककडच्या स्पर्धकांच्या बातम्या आपल्या अंकात वरचेवर येतात आणि त्या वाचून आनंदही होतो. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे आकडे आता शाळकरी मुलांनाही पाठ झाले आहेत. बातमीत सायकलीची किंमत येते, पहाटे साडेतीनला उठण्याची शिस्त येते, घरच्यांनी काढलेल्या खस्ता येतात. पोहण्याची बोळवण मात्र ‘थंड पाण्याचे आव्हान पेलत’ एवढ्या शब्दांत होते. ते पेलताना अंगावर कोणता वेटसूट (गार पाण्यात पोहताना घालायचा अंगाबरोबरचा रबरी पोशाख) होता, तो कसा निवडला होता आणि शर्यतीआधी तो किती वेळा पाण्यात उतरला होता, हे सहसा कुणी विचारत नाही. मी हे पत्र त्याविषयी लिहीत आहे, कारण या प्रश्नांची उत्तरे मला स्वतःला फार उशिरा आणि पैसे घालवून मिळाली.

मी ५३ वर्षांचा आहे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलो आणि पुढे पंचगंगेच्या पाण्यात हात मारत मोठा झालो, त्यामुळे आपण पट्टीचे पोहणारे आहोत अशी माझी समजूत होती. गोव्यात मिरामारला १.९ किलोमीटर पोहण्याची अर्धी शर्यत पूर्ण केल्यावर तर ती समजूत आणखी पक्की झाली. पण गोव्याचे पाणी अंघोळीच्या कोमट पाण्यासारखे असते; तिथे वेटसूट घालण्याचा प्रश्नच येत नाही. त्यानंतर डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या पूर्ण शर्यतीसाठी नाव नोंदवले आणि तिथले पाणी ऑगस्टमध्येही अठरा अंशांच्या आसपास असते हे कळल्यावर मी सूट शोधू लागलो.

पहिला सूट चुकला. विक्रेत्याला मी ‘वेटसूट हवा’ एवढेच सांगितले आणि त्याने छातीचे माप विचारून जो पाठवला तो समुद्रात खोल बुडी मारणाऱ्यांचा निघाला. जाड, दणकट, खांद्याला पाट्यासारखा ताठ. तो घालून दोनशे मीटर पोहलो तेव्हा हात डोक्यावरून पुढे नेताना प्रत्येक वेळी कुणी तरी मागून दंड धरून ठेवल्यासारखे वाटत होते. वेटसूट हा एकच शब्द सर्फिंग करणाऱ्याच्या, पाणबुड्याच्या आणि ट्रायथलॉन पोहणाऱ्याच्या सुटाला लावला जातो, पण या तिन्हींचे काम वेगळे आहे. ट्रायथलॉनच्या सुटात खांद्याशी आणि काखेशी निओप्रीन, म्हणजे सुटाचे कृत्रिम रबर, दीड ते दोन मिलिमीटर इतके पातळ असते, म्हणजे हात मोकळा फिरतो. छाती आणि मांड्यांवर ते चार-पाच मिलिमीटर असते, म्हणजे कंबर आणि पाय वर उचलले जातात. पाच मिलिमीटरपेक्षा जाड सूट शर्यतीत चालत नाही. पाणी सरकून जावे म्हणून बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवलेला असतो आणि साखळी (झिप) पाठीमागे असून तिला लांब दोरी असते.

सूट अंग कोरडे ठेवतो हा आपल्याकडचा सर्वसाधारण गैरसमज आहे, आणि नाव ‘वेट’ असूनही तो टिकून आहे याची मला गंमत वाटते. सुटाच्या आत पाणी शिरतेच. त्याचा पातळ थर कातडीला लागून राहतो आणि अंगाच्या उबेने तापतो, तर रबरात कोंडलेले वायूचे बारीक बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. म्हणून सूट नीट बसणे हीच सगळ्यात मोठी बाब आहे. सैल सुटात गार पाणी सतत आत-बाहेर करत राहते, मग कितीही महागडा सूट असला तरी माणूस कुडकुडतो. जपानी निओप्रीनचे क्रमांक, ते चुनखडीपासून काढलेले आहे की खनिज तेलापासून, यावर आमच्या मंडळींत तासन्‌तास चर्चा चालते. त्यापेक्षा काखेत आणि कमरेच्या खोलगट भागात घडी पडते का, हे आरशात पाहिलेले बरे. मापाचा तक्ता पाहताना छातीपेक्षा उंची आणि वजन आधी बघावे. कोरड्या जमिनीवर सूट थोडा आवळल्यासारखाच वाटला पाहिजे, मात्र पूर्ण खोल श्वास घेता आला पाहिजे आणि गळपट्टीने गळा दाबल्यासारखे वाटता कामा नये. बिनबाह्यांचा सूट स्वस्त असतो, खांदे मोकळे राहतात आणि बाविसेक अंशांच्या पाण्यात तो पुरतो; पण अठराच्या खाली जायचे असेल तर पूर्ण बाह्यांचाच घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

सूट अंगावर चढवणे हीही शिकायची गोष्ट आहे. पहिल्यांदा मला पंचवीस मिनिटे लागली आणि शेवटी घामाने अंघोळ झाली. पायात किराणा दुकानातली साधी प्लॅस्टिकची पिशवी घालायची, पाय सुटात सरकवायचा, पिशवी काढून दुसऱ्या पायात घालायची; हातांसाठीही तेच. मग घोट्यापासून थोडे थोडे रबर चिमटीत न धरता बोटांच्या पेरांनी वर सरकवत न्यायचे. नख लागले की चंद्रकोरीसारखी चीर पडते. माझ्या सुटाच्या डाव्या मांडीवर अशा दोन चंद्रकोरी आहेत, दोन्ही निओप्रीनच्या डिंकाने चिकटवलेल्या. मांड्यांचे रबर जांघेपर्यंत पूर्ण वर ओढले नाही तर ते खांद्यांना खाली खेचते आणि दोष सुटाला दिला जातो. मानेला घासून जखम होते म्हणून वंगण लावावे, पण आपल्या घरातली पेट्रोलियम जेली निओप्रीनला मानवत नाही. पाण्याधारित किंवा रबराला चालणारे वंगण वेगळे मिळते. वापरानंतर सूट गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून, सावलीत वाळवायचा. गच्चीवर कपड्यांच्या दोरीवर भर उन्हात टाकला की त्याचे आयुष्य संपलेच म्हणून समजा.

नियमांकडेही लक्ष हवे. आयर्नमॅनच्या शर्यतीत हौशी स्पर्धकाला पाण्याचे तापमान २४.५ अंशांपर्यंत असेल तर सूट घालता येतो, त्यावर २८.८ अंशांपर्यंत घालता येतो, पण बक्षिसावर हक्क राहत नाही. त्याहून गरम पाण्यात सुटाला बंदी, आणि १६ अंशांखाली सूट सक्तीचा. तापमान शर्यतीच्या सकाळी जाहीर होते. त्यामुळे सुटाच्या भरवशावर पोहण्याचा सराव कमी करणाऱ्याची ऐन वेळी फजिती होऊ शकते. उलट इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांचे नियम पाहावेत. तिथे वेटसूट मुळीच चालत नाही. साधा पोशाख, एक टोपी आणि गॉगल. पुण्याच्या रोहन मोरे यांनी ती खाडी धरून जगातल्या सात अवघड सागरी खाड्या-सामुद्रधुन्या २०१८ पर्यंत पार केल्या, त्या याच नियमाने. ते वाचल्यावर अठरा अंशांत सूट घालून तीन-चार किलोमीटर पोहणाऱ्याने फार बढाई मारू नये, हे मला पटले.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींत १९८५ ते २०१६ या काळात घडलेल्या मृत्यूंच्या आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास झाला, त्यांतील ९० घटना पोहतानाच्या होत्या. सायकल आणि धावण्यात तासन्‌तास जातात, पोहण्यात तास-दीड तास; तरीही हे प्रमाण आहे. गार पाण्यात उतरल्यावर पहिली एक ते तीन मिनिटे श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. आपोआप मोठा हुंदका येतो, छाती धडधडते, श्वास उथळ आणि भरभर चालू लागतो. त्यात शेजारचा लाथ मारतो, गॉगल सरकतो, समोर हिरव्या पाण्याखेरीज काही दिसत नाही आणि तळही दिसत नाही. अशा वेळी आपल्याकडचा माणूस डोके वर काढून ब्रेस्टस्ट्रोक मारू लागतो, कारण विहिरीत आपण तेच शिकलेलो असतो. पण सुटाने पाय इतके वर आलेले असतात की बेडकासारखी लाथ निम्मी हवेत जाते आणि मान वर धरून माणूस आणखी दमतो. मला हे कोपनहेगनला अमागेरच्या किनाऱ्यावर, सुरुवातीपासून शंभर मीटरच्या आत समजले. वाचवले ते एका साध्या गोष्टीने. मी उताणा झालो. वेटसूटमध्ये उताणे पडले की माणूस फळीसारखा तरंगतो, हातपाय हलवावे लागत नाहीत. पन्नासेक श्वास मोजले, आकाश पाहिले, मग पुन्हा पालथा होऊन हात मारू लागलो. हे उताणे होणे सरावात दहा वेळा करून ठेवले असते तर तिथे घाबरलो नसतो. सतत खोकला येऊ लागला, श्वास लागला किंवा थुंकीत गुलाबी फेस दिसला, तर मात्र थांबून होडीला हात करावा. फुप्फुसात पाणी साठण्याचा तो प्रकार असतो आणि छातीला अति आवळणारा सूट हे त्यामागचे एक संशयित कारण मानले जाते.

या सगळ्याचा सराव आपल्याकडे करायचा कुठे आणि केव्हा, हीच खरी अडचण आहे. युरोपातल्या बहुतेक शर्यती जून ते सप्टेंबरमध्ये असतात. नेमक्या त्याच महिन्यांत आपल्या नद्या तांबड्या पाण्याने दुथडी भरून वाहत असतात, समुद्र खवळलेला असतो आणि धरणाच्या पाण्यात उतरणे म्हणजे शुद्ध आत्मघात. म्हणजे शर्यतीआधीचे शेवटचे अडीच-तीन महिने आपल्याला पंचवीस मीटरच्या तलावात, तळाची काळी रेघ बघत पोहावे लागते. त्यामुळे उघड्या पाण्याचा सराव डिसेंबर ते मे या काळातच उरकला पाहिजे. घाटमाथ्यावरच्या जलाशयांचे पाणी डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलेच गार असते, आणि समुद्राची सवय हवी असेल तर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात भरणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेसारखी सोयीची जागा नाही: शांत पाणी, सोबतीला होड्या आणि हजारो माणसे. गार पाण्याच्या धक्क्याची सवय करायला फार दिवस लागत नाहीत. तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा बुड्यांनीही हुंदका बराच कमी होतो आणि ही सवय काही महिने टिकते. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. सरावाला एकट्याने जाऊ नये, कमरेला भडक नारिंगी फुगा बांधावा आणि काठावर एक पोहणारा माणूस बसवावा. उघड्या पाण्यात रेघ नसते, म्हणून दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून खूण पाहण्याची सवय लावावी. सगळे डोके वर काढले की कंबर बुडते. हा सराव तलावातही होतो. काठावर रंगीत बादली ठेवली तरी पुरते.

सूट तलावात घालून पाहणेही तितकेच गरजेचे आहे, फार वेळ नको, पंधरा-वीस मिनिटे, कारण आपल्या तलावांच्या पाण्यात त्याहून जास्त वेळ थांबले तर अंग उकडते. पण शहरातील एका तलावावर मी सूट घेऊन गेलो तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने ‘हा रबरी पोशाख चालणार नाही, नियमात नायलॉनची चड्डी लिहिली आहे’ म्हणून मला परत पाठवले. नियम त्याने केलेला नव्हता आणि मीही वाद घातला नाही. शेवटी एका मित्राच्या शेततळ्यात, भोवती म्हशी बघत असताना, ती चाचणी पार पडली. ज्यांना शेततळे असलेला मित्र नाही ते सूट पहिल्यांदा परदेशातल्या हॉटेलच्या खोलीत उघडतात. माझ्या ओळखीच्या दोघांनी तसेच केले आणि दोघांनाही पोहण्यासाठी मिळणारी दोन तास वीस मिनिटांची मुदत गाठताना नाकी नऊ आले.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. महानगरपालिकांनी आणि खासगी तलावचालकांनी आठवड्यातून एका सकाळी, गर्दी नसताना, धुतलेला वेटसूट घालून पोहण्याची मुभा द्यावी. त्यासाठी नियमात एक ओळ घालावी लागेल, खर्च काहीच नाही. जिल्हा जलतरण संघटनांनी हिवाळ्यात जलाशयावर परवानगी काढून, होडी आणि जीवरक्षकांसह दोन-तीन सामूहिक सराव घेतले तर जूनमध्ये परदेशी निघणाऱ्यांची मोठी सोय होईल. आणि आपल्या क्रीडा प्रतिनिधींना सांगावे, की पुढच्या वेळी कुणा आयर्नमॅनची मुलाखत घ्याल तेव्हा सायकलीची किंमत विचारण्याआधी पाणी किती अंश होते आणि सूट त्याआधी किती वेळा ओला झाला होता, हे विचारा.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर