गच्चीचं पाणी ड्रेनेजमधून काढा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वळवाची सर येऊन गेली, त्यानंतर आपल्या अंकात चेंबर उसळल्याचं छायाचित्र होतं. झाकण सरकलेलं, रस्त्यावर घोटाभर पाणी आणि त्यातून स्कूटर ढकलत नेणारी एक मुलगी. पुढचे दोन दिवस वाचकांची पत्रं आली. कुणी ठेकेदाराला बोल लावला, कुणी अधिकाऱ्यांना, कुणी शुद्धीकरण केंद्राला. मी सव्वीस वर्षं सांडपाणी शुद्धीकरणाच्या कामात काढली, शेवटची अकरा शिफ्ट इन्चार्ज म्हणून. त्या छायाचित्राकडे मी बराच वेळ पाहत बसलो. पत्रांत सगळ्यांनी 'काळं पाणी' लिहिलंय, पण ते काळं नव्हतं, मातकट होतं. नुसतं मैल्याचं पाणी करडं असतं आणि असं उसळत नाही. ते पावसाचं पाणी होतं, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्याच गच्च्यांवरून उतरलेलं होतं. याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून हे पत्र.

ड्रेनेजची लाइन पावसासाठी नसतेच. पावसाची नाळी वेगळी, मैल्याची लाइन वेगळी. मैल्याच्या लाइनचा हिशेब माणशी दिवसाला १३५ लिटर पाणीपुरवठ्यावर करतात आणि त्यातलं साधारण ८० टक्के पाणी लाइनीत येईल असं धरतात. सकाळी सगळे एकदम अंघोळीला जातात, म्हणून मोठ्या शहराची मुख्य लाइन सरासरीच्या दुपटीला आणि गल्लीबोळातली तिपटीला पुरेल अशी बांधतात. एवढीच तिची ताकद.

आता आपल्या घराचं गणित करून पाहा. पाच माणसांचं घर दिवसाला सुमारे ५४० लिटर सांडपाणी सोडतं. त्याच घराची गच्ची हजार चौरस फुटांची असेल आणि एक इंच पाऊस पडला, तर गच्चीवरून २,३०० लिटरच्या वर पाणी उतरतं. इंदुरात एक इंच पाऊस तासाभरात पडून जातो. म्हणजे ज्या पाइपातून घराचं दिवसभराचं पाणी जायचं, त्यात चार दिवसांचं पाणी एका तासात ओतलं. गल्लीत अशी चाळीस घरं असली तर नव्वद हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचे नऊ टँकर! मे महिन्यात याच गल्लीत टँकरसाठी भांडणं होतात. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणावं लागतं, आणि जे आभाळातून थेट आपल्या डोक्यावर पडतं ते आपण मैल्यात सोडून देतो. हे मला खरोखर सहन होत नाही.

२०२० च्या ऑगस्टमधली ती रात्र जुन्या इंदूरकरांच्या लक्षात असेल. हरितालिकेचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते. चोवीस तासांत दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला. मी रात्रपाळीला होतो. अकरा वाजता संपवेलची, म्हणजे सांडपाणी गोळा करून पंपाने उचलायच्या विहिरीची, पातळी चढायला लागली, साडेबारापर्यंत राखीव पंपही चालू केले, तरी पातळी इंचाने खाली येईना. बार स्क्रीनवर, म्हणजे कचरा अडवणाऱ्या गजांच्या जाळीवर, पालापाचोळा, पिशव्या, बाटल्या, गाद्यांचा कापूस, आणि या सगळ्याबरोबर नारळाच्या शेंड्या. शेंड्या मैल्यातून येत नाहीत, त्या उघड्या झाकणातून येतात. दोन मुलं पंजा घेऊन आळीपाळीने स्क्रीन ओढत होती आणि ओढून मागे वळेपर्यंत ती पुन्हा भरत होती.

मग फोन सुरू झाले. खालच्या अंगाच्या वस्तीतल्या एक काकू ओळखीच्या होत्या, त्यांनी थेट मलाच फोन लावला. "भाऊ, मोरीतून पाणी वर येतंय हो. सोवळ्यातलं सगळं खालीच मांडलंय." त्यांना काय सांगणार? संपवेल भरली की पाणी लाइनीत मागे दाबतं आणि सगळ्यात खाली असलेल्या घराच्या मोरीतून वर येतं. गच्ची वरच्या चढावरच्या बंगल्याची, आणि घाण येते उतारावरच्या खोलीत. त्या वस्तीत कुणाच्या घरावर गच्चीच नाही, पत्रे आहेत.

दोन वाजता मला ठरवावं लागलं. सगळं पाणी टाक्यांतून जाऊ द्यायचं, की बायपासचं गेट उघडून काही भाग प्रक्रिया न करता नाल्यात सोडायचा? पाणी जाऊ दिलं तर टाकीतला स्लज वाहून जाणार, म्हणजे केंद्र मेलं. गेट उघडलं तर तेच पाणी कान्ह नदीत. मी वरिष्ठांना फोन केला आणि गेट उघडलं. लॉगबुकमध्ये वेळ लिहिली, सही केली. ती सही आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरी पोचलो तेव्हा मूर्ती चौरंगावर बसली होती. मी दोनदा अंघोळ केली आणि मगच आरतीला उभा राहिलो.

स्लज वाहून जाणं म्हणजे काय, ते लोकांना ठाऊक नसतं. केंद्र यंत्रांवर चालतं असं वाटतं. यंत्रं फक्त हवा देतात, मैला खातात ते जंतू. एरेशनच्या, म्हणजे हवा द्यायच्या, टाकीत ते वाढवलेले असतात, आपण घरी विरजण जपतो तसे. कबीटखेडीचं २४५ एमएलडीचं, म्हणजे रोज साडेचोवीस कोटी लिटरचं मोठं केंद्र घ्या किंवा एखादं लहान, एसबीआर नावाच्या पद्धतीत एकाच टाकीत पाणी भरायचं, ब्लोअरने हवा द्यायची, मग हवा बंद करून जंतूंचा गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी डिकँटरने काढून घ्यायचं. बसायला शांत वेळ लागतो. पावसाळ्यात पाणी मागून ढकलत असेल तर ती वेळ मिळत नाही. गाळ अर्धवट तरंगत असतानाच वरचं पाणी काढावं लागतं आणि त्याच्याबरोबर जंतूही नाल्यात जातात.

आम्ही रोज सकाळी एक साधी परीक्षा करायचो. एरेशनच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या उभ्या नळकांड्यात भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. केंद्र निरोगी असलं की चॉकलेटी रंगाचे पुंजके हळूहळू खाली बसतात, तीनशे मिलिलिटरच्या खुणेपर्यंत, आणि वर पाणी इतकं स्वच्छ की पलीकडे धरलेलं वर्तमानपत्र वाचता यावं. वास म्हणाल तर ओल्या मातीचा. नवीन मुलांना मी नाक लावून बघायला सांगायचो, त्यांचा विश्वास बसायचा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली घंटेच्या आकाराचे देठावरचे जीव डोलताना दिसले की दिवस चांगला जायचा. त्या पावसानंतर मी पहिल्यांदा नळकांडं भरलं तेव्हा गाळ ऐंशीच्या खुणेवर बसला, राखेच्या रंगाचा, आणि वरचं पाणी गढूळच राहिलं. घंटा एकही दिसली नाही. दुसऱ्या केंद्रातून टँकरने स्लज आणून टाकला, ब्लोअरच्या वेळा बदलल्या. पाणी पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. पाऊस दीड दिवसाचा होता.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस, म्हणजे प्रक्रिया न करता सांडपाणी नदी-नाल्यांत न सोडणारं, शहर ठरलं. त्यासाठी कान्ह आणि सरस्वती नद्यांत पडणारी सांडपाण्याची १७४६ सार्वजनिक आणि ५६२४ घरगुती तोंडं बंद करून लाइनला जोडली गेली. हे फार मोठं काम होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी नाकाला रुमाल न लावता उभं राहता येईल असं माझ्या वडिलांना कधी खरं वाटलं नसतं. पण त्याचीच एक बाजू माझ्या पाहण्यात आली. नाल्याकाठच्या पुष्कळ घरांचा संडास, मोरी आणि गच्ची असा सगळ्यांचा मिळून एकच पाइप मागच्या अंगाला नाल्यात सोडलेला असायचा. तो पाइप लाइनला जोडला तेव्हा गच्चीही त्याच्याबरोबर लाइनीत आली. मैला नाल्यातून निघाला हे उत्तमच झालं. गच्ची मात्र वेगळी करायची राहून गेली.

आणि हे फक्त नाल्याकाठचं नाही. माझं स्वतःचं घर सुदामानगरात आहे, वडिलांनी १९८९ साली बांधलेलं. निवृत्त झाल्यावर पहिल्याच पावसात मी अंगणातल्या चेंबरचं झाकण उचलून पाहिलं. घरात एकही नळ चालू नव्हता आणि चेंबरमध्ये स्वच्छ पाण्याची मनगटाएवढी धार पडत होती. मागच्या गच्चीचा पन्हळ गवंड्याने तेव्हाच त्यात सोडून दिला होता, तेहतीस वर्षं. ज्या पाण्याशी मी रात्र-रात्र झगडलो त्यात माझ्या घरचंही पाणी होतं. त्याच आठवड्यात प्लंबर बोलावला. चार इंची पाइप, दोन एल्बो, एक जाळीचा फिल्टर, आणि पाणी बोअरवेलशेजारच्या शोषखड्ड्यात. मजुरी धरून माझे २,८०० रुपये गेले.

हात जोडून आणखी एक गोष्ट सांगायची आहे. पाऊस आला की रस्त्यावर साचलेलं पाणी घालवायला लोक सळईने चेंबरचं झाकण उघडतात. पाणी पटकन जातं आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण त्या पाण्याबरोबर रस्त्याची माती आणि गिट्टी आत जाते, उतार कमी असेल तिथे बसते आणि पावसाळा संपेपर्यंत दगडासारखी होते. दिवाळीच्या सुमारास लाइन तुंबते. जोराच्या पाण्याने लाइन मोकळी करणारी जेटिंगची गाडी अरुंद गल्लीत जात नाही. मग कुणीतरी एखाद्या मुलाला म्हणतं, "जरा उतरून बघ रे." गाळाखाली दबलेला वायू ढवळला की वर येतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच मरतं, वास यायचाच थांबतो. माणसाला वाटतं, वायू गेला. असं माणसाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास भरपाई तीस लाखांवर नेली. माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच उतरला होता. त्याला वेळेत ओढून काढलं म्हणून वाचला. तेव्हापासून थंडीतसुद्धा तो झोपताना खिडकी उघडी ठेवतो का, ते त्याची आई रात्री उठून बघते.

तेव्हा पाऊस लागायच्या आत प्रत्येकाने एवढं करावं. बादलीभर पाण्यात नीळ कालवून गच्चीच्या पाइपात ओता आणि एकाने खाली चेंबरचं झाकण उघडून उभं राहावं. दोन-तीन मिनिटांत निळं पाणी तिथे आलं तर तुमची गच्ची लाइनीत आहे. मग पाइप कापून शोषखड्ड्यात, बोअरवेलच्या फिल्टरमध्ये, नाहीतर निदान पावसाच्या नाळीत सोडा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या सभेत हा विषय घ्या. तिथे गच्ची मोठी असते आणि पाइप एकच, म्हणजे काम सोपं. बोअरमध्ये सोडणार असाल तर गच्ची आधी झाडून घ्या आणि पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर जाऊ द्या. धूळ आणि कबुतरांची घाण जमिनीत जायला नको.

महानगरपालिकेला माझी विनंती एवढीच, की नाळ्यांची सफाई करता तशी प्रत्येक वॉर्डात ही निळीची तपासणीही करावी. पंपिंग स्टेशनवर पंप किती तास चालले याची नोंद रोज होते. कोरड्या दिवसाचे तास आणि पावसाच्या दिवसाचे तास शेजारी मांडले तर कुठल्या भागातून पाऊस लाइनीत शिरतो ते कागदावरच दिसेल. सुरुवात तिथून करावी. २०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे आणि आपली कान्ह तिथे शिप्रेला मिळते. हाताशी दोनच पावसाळे असोत की एक, घराघरातले पाइप काढायला तेवढे पुरतात.

१९१७-१८ मध्ये पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदुरात आले होते. प्लेगचे दिवस होते. त्यांनी दिवाळीत मोठी मिरवणूक काढली, तीत उंदराचा भलामोठा पुतळा फिरवला, आणि जिथली घरं लोकांनी सगळ्यात जास्त झाडून-सारवून ठेवली असतील तिथूनच ती जाईल असं आधी सांगून ठेवलं. लोकांनी घरं झाडली. या शहराला सांगितलं की ते करतं, हे मी कचऱ्याच्या बाबतीतही पाहिलंय. ओला-सुका वेगळा करायला माझ्या सूनबाईला आता कुणी सांगावं लागत नाही, आणि माझी सहा वर्षांची नात मला चुकलं की टोकते.

आमच्या गल्लीत एकोणीस घरं आहेत. मागच्या दोन रविवारी आम्ही अकरा घरांत निळीची बादली ओतून पाहिली, सात घरांत पाणी निळं आलं. त्यातल्या चौघांनी पाइप काढला. एकांचं काम अर्धवट आहे, दोघांनी गणपतीनंतर बघू म्हटलंय. त्यांच्याकडे मी येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. उरलेल्या आठ घरांत सकाळी साडेसातला सुरुवात करू.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज
सुदामानगर, इंदूर