‘पॉवर अप’च्या श्रेयनामावलीतून निसटलेले नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ रॉक बँडच्या पुनरागमनांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘एसी/डीसी’ या ऑस्ट्रेलियन बँडच्या ‘पॉवर अप’ या अल्बमची त्यात दोन वाक्यांत बोळवण केली आहे. पासष्टी-सत्तरीतली मंडळी जुन्या पुण्याईवर पुन्हा एकत्र आली आणि त्यांनी नेहमीचेच वाजवले, असा त्याचा एकंदर सूर आहे. यातल्या दुसऱ्या आक्षेपात थोडे तथ्य आहे, त्याकडे पुढे वळतो. पहिला मात्र अन्यायकारक वाटतो. शिवाय ज्या माणसाशिवाय हा अल्बम झालाच नसता, त्या गिटारवादक माल्कम यंग यांचा लेखात उल्लेखही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अल्बम आला तेव्हा माल्कम यांना जाऊन जवळपास तीन वर्षे झाली होती, तरीही त्यातल्या बाराही गाण्यांचे श्रेय अँगस आणि माल्कम या दोन्ही भावांच्या नावावर आहे.

हे ‘पुन्हा एकत्र येणे’ कोणत्या परिस्थितीत घडले, ते आधी पाहू. माल्कम आणि अँगस या मूळच्या ग्लासगोच्या भावांनी १९७३ मध्ये सिडनीत बँड उभा केला. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे माल्कम यांना तो सोडावा लागला. ड्रमवादक फिल रड त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये कोर्टकचेरीत अडकले आणि दौऱ्याला मुकले. २०१६ मध्ये गायक ब्रायन जॉन्सन यांना डॉक्टरांनी बजावले, की मोठ्या मैदानांवर गात राहिलात तर ऐकू येणे पूर्णपणे बंद होईल. उरलेला दौरा ‘गन्स एन’ रोझेस’च्या अ‍ॅक्सल रोझ यांना गायला बोलावून कसाबसा पार पडला, आणि तो संपताच बेसवादक क्लिफ विल्यम्स निवृत्त झाले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये थोरले भाऊ जॉर्ज गेले, ज्यांनी बँडचे सुरुवातीचे अल्बम हॅरी व्हँडा यांच्यासह घडवले होते. नोव्हेंबरच्या १८ तारखेला चौसष्टाव्या वर्षी माल्कमही गेले. अशा अवस्थेतून २०१८ मध्ये हीच विखुरलेली माणसे व्हँकुव्हरच्या स्टुडिओत निर्माते ब्रेंडन ओब्रायन यांच्यासमोर पुन्हा उभी राहिली. पुण्याई निव्वळ तिकिटे खपवण्यापुरती असती, तर जुन्या गाण्यांचा एक निरोपाचा दौरा काढून त्यांचे भागले असते; नव्या गाण्यांची गरजच नव्हती.

माल्कम यांचे काम नेमके काय होते, हे रॉकच्या नियमित श्रोत्यांनाही पुष्कळदा सांगावे लागते. शाळेच्या गणवेशात, अर्ध्या चड्डीत मंचभर उड्या मारणारे मुख्य गिटारवादक अँगस सर्वांना ठाऊक असतात, आणि आपल्या लेखासोबतचे छायाचित्रही त्यांचेच होते. माल्कम मात्र मागे ड्रमशेजारी उभे राहत, साथीला गाण्यापुरते माइकपाशी येत आणि पुन्हा मागे सरकत. त्यांची ग्रेच कंपनीची गिटार पाहण्यासारखी होती: मूळचा रंग खरवडून काढलेला, आवाज उचलणाऱ्या पिकअपपैकी तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळचा एक तेवढा ठेवलेला, बाकीचे उपटून टाकल्याने त्या जागी नुसती भोके राहिलेली, आणि त्यावर चढवलेल्या जाडजूड तारा. अँप्लिफायरचा आवाजही ते हार्ड रॉकच्या रिवाजापेक्षा स्वच्छ ठेवत, त्यामुळे प्रत्येक कॉर्डमधला, म्हणजे एकत्र छेडलेल्या स्वरांमधला, स्वर न् स्वर वेगळा ऐकू येई आणि दोन फटक्यांमधली शांतताही कानात भरे. ख्यालाच्या मैफलीत तबलजीने आपली तयारी आवरून विलंबित ठेका शेवटपर्यंत सरळ धरून ठेवावा, तशा संयमाचे हे वादन होते. तो ठेका सुटला तर पुढे बसलेल्याची तानबाजी कितीही चमकदार असो, उघडी पडते.

‘पॉवर अप’मधली बरीचशी गाणी याच हाताखालून निघाली आहेत. २००० चा ‘स्टिफ अपर लिप’ आणि २००८ चा ‘ब्लॅक आइस’ या दोन अल्बममध्ये आठ वर्षांचे अंतर पडले होते. त्या काळात दोघा भावांनी एकत्र बसून गाण्यांच्या असंख्य कल्पना साठवल्या आणि वापरायच्या राहिलेल्या बाजूला ठेवल्या. ‘ब्लॅक आइस’च्या दौऱ्यातच माल्कम यांच्या आजाराची चिन्हे दिसू लागली होती, वर्षानुवर्षे वाजवलेली स्वतःचीच गाणी त्यांना पुन्हा बसवावी लागत. पुढे अँगस यांनी तो साठा उघडला आणि त्यातून निवड करून गाणी पुरी केली. माल्कम यांची ठेका धरणारी ऱ्हिदम गिटार वाजवली ती पुतणे स्टीव्ही यांनी, जे वयाने अँगस काकांहून पुरत्या दोन वर्षांनीही लहान नाहीत आणि ज्यांनी १९८८ मध्येही एका दौऱ्यात माल्कम यांची जागा सांभाळली होती. दिवंगत कलाकाराचा आवाज यंत्राच्या मदतीने नव्याने उभा करण्याची हौस सध्या वाढली आहे. इथे रचना दिवंगताची आणि वादन हयात माणसांचे, असा सरळ व्यवहार आहे, आणि श्रेयही त्याच सरळपणाने दिलेले आहे.

आता ‘नेहमीचेच’ या आक्षेपाकडे येतो. अल्बमच्या उत्तरार्धात दोन-तीन गाणी भरतीची वाटतात, शब्दांच्या बाबतीत तर या बँडकडून कोणी कधी फारशी अपेक्षा ठेवलीच नाही, आणि ‘मनी शॉट’सारखा पांचटपणा या वयात टाळता आला असता. तरीही ‘शॉट इन द डार्क’च्या सुरुवातीचा गिटारचा तुकडा ऐकावा: मोजकेच स्वर आहेत, पण ड्रम येण्याआधीच लय पक्की बसलेली असते. ‘थ्रू द मिस्ट्स ऑफ टाइम’ हे तर या मंडळींच्या मानाने जवळजवळ हळवे गाणे आहे, आणि माझ्या मते अल्बममधले सर्वोत्तम. अख्खा अल्बम एक्केचाळीस मिनिटांत संपतो. मुरलेल्या बँडचे अल्बम हल्ली विनाकारण तासाच्या पुढे रेंगाळतात, त्या मानाने हा नेमकेपणाही दखल घेण्यासारखा आहे. १९८० मध्ये फेब्रुवारीत गायक बॉन स्कॉट अचानक गेल्यावर अवघ्या पाच महिन्यांत ‘बॅक इन ब्लॅक’ आणणाऱ्या बँडकडून शैली बदलण्याची अपेक्षा ठेवणे मला गैरलागू वाटते. तेव्हाही शोक त्यांनी कामातच जिरवला होता, आणि काम त्यांना एकाच पद्धतीने येते. ‘पॉवर अप’ची तुलना मी ‘बॅक इन ब्लॅक’शी करणार नाही, पण १९९० नंतरच्या त्यांच्या अल्बमच्या रांगेत त्याला बऱ्याच वरची जागा देईन.

लेखासोबतच्या चौकटीत या अल्बमवरच्या पाच वादक-गायकांची नावे होती, गाणी कोणाची ते मात्र कुठेच नव्हते. गाण्यांचे रचनाकार म्हणून अँगस यंग यांच्या जोडीने माल्कम यंग यांचे नाव पुढच्या रविवारी खुलाशादाखल छापावे, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, ठाणे